खडूचं नॉरफोक

गुप्ते सरांनी मला पहिल्याच दिवशी समुद्रातून बाहेर काढलं.

कारेलीबागेतल्या एका क्लासमध्ये मी इंग्रजी संभाषण शिकवायला नुकतीच लागले होते. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांचे अर्ज, भाषेची परीक्षा, व्हिसाचा इंटरव्ह्यू हे सगळं एका छपराखाली करून देणारे क्लास आता बडोद्यात गल्लोगल्ली झालेत, त्यातलाच हा एक. मागच्या खोलीत पंख्याचं बटण लावायला शिरले, तर जमिनीवर उकिडवा बसलेला एक सडपातळ, पासष्टीचा माणूस वर न बघताच म्हणाला, "बाई, तुम्ही समुद्रात उभ्या आहात. आधी चपला काढा आणि मग किनाऱ्यावर या."

मी खाली बघितलं. कोट्याच्या फरशीवर पांढऱ्या, निळ्या आणि लाल खडूनं एक भलामोठा नकाशा काढलेला होता. पट्टी न लावता काढलेल्या रेघा, पण कुठे म्हणून वाकडी नाही. मी तशी फटकळ आहे. म्हटलं, "पंखा लावायला समुद्रातूनच जावं लागतं त्याला मी काय करू?" ते पहिल्यांदा वर बघून हसले आणि म्हणाले, "खरं आहे. बटण चुकीच्या भिंतीवर आहे."

तो नकाशा होता नॉरफोकचा. इंग्लंडच्या पूर्वेला समुद्रात पुढे आलेला एक परगणा आहे, त्यात नॉरिच नावाचं जुनं शहर आहे आणि आमच्या क्लासची बरीच मुलं तिथे शिकायला जायची. व्हिसाच्या इंटरव्ह्यूत समोरचा अधिकारी हटकून विचारतो: राहणार कुठे, तिथून कॉलेजला कसे जाणार, त्या शहराबद्दल काय माहीत आहे? एजंटानं पाठ करून दिलेली उत्तरं म्हणणारी मुलं तिथे फसतात. म्हणून आमचे मालक भाविनभाई यांनी सरांना नेमलं होतं. मुलांना गुप्ते हे नाव जड जायचं. ती त्यांना नकशावाला सर म्हणायची.

सर जन्मात इंग्लंडला गेले नव्हते. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात तेहतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. त्यांचा एकुलता एक मुलगा निनाद नॉरिचला एम.एस्सी. करायला गेला, तेव्हा सरांना एकच काळजी लागली: स्टेशनावर उतरल्यावर हा खोलीपर्यंत जाईल कसा? आपल्या घराण्यात परदेशी गेलेला पहिलाच माणूस. मग त्यांनी ट्रेसिंग पेपरवर रस्ता काढून दिला. स्टेशनाबाहेर पडायचं, नदीवरचा पूल ओलांडायचा, टेकाडावरचा चौकोनी किल्ला डाव्या हाताला ठेवायचा, मग बसचा थांबा. निनादनं तो कागद खिशात घालून नेला. पण सरांचा हात थांबला नाही. कॉम्प्युटरवर हल्ली एखाद्या रस्त्याची चित्रं बघत पुढे पुढे चालत जाता येतं, तसे ते रोज दुपारी जेवण झाल्यावर नॉरिचमध्ये फिरायला लागले. कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर बहिरी ससाणे घरटं करतात, बाजारातल्या टपऱ्यांची छपरं रंगीत पट्ट्यापट्ट्यांची आहेत, क्रोमरच्या लाकडी धक्क्याच्या टोकाशी बुडणाऱ्यांना वाचवणारी बोट ठेवलेली असते, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. निनादच्या घराचं दार लाल होतं. कॉम्प्युटरवरचा तो फोटो काढला त्या वेळी वरच्या मजल्यावरच्या खिडकीत एक टॉवेल वाळत होता. तो टॉवेल आपण इथूनच दिलेला आहे असं शैलाकाकूंचं, म्हणजे सरांच्या पत्नीचं, ठाम मत होतं.

त्यांची शिकवायची तऱ्हा मी दुसरीकडे पाहिली नाही. मुलांना ते चपला काढून नकाशावर उभं करायचे. "तू क्रोमर. तू शेरिंगहॅम. तू नॉरिच, मधे उभा राहा. हेतवी, तू बस. बाकी कुणी हलायचं नाही. गावं हलत नाहीत, बस हलते." मग हेतवीनं नॉरिचपासून निघून प्रत्येक गावाशी थांबायचं आणि तिथे काय आहे ते इंग्रजीत सांगायचं. चुकली की बस परत डेपोत. दाराबाहेर वर्ग नसलेली मुलंसुद्धा हे बघायला गर्दी करायची. एकदा एक मुलगा क्रोमर असताना फोन घ्यायला बाहेर गेला. सर तेवढा वेळ सगळा वर्ग थांबवून उभे राहिले आणि तो आल्यावर म्हणाले, "लोक उतरायला आले ने गावच नाही. बरं दिसतं का?"

"पत्ता म्हणजे नाव नव्हे," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "पत्ता म्हणजे कुठे वळायचं ते." आणि दुसरं, त्याहून जास्त वेळा म्हटलेलं: "ज्याला रस्ता माहीत आहे त्याला खोटं बोलावं लागत नाही." हे दुसरं वाक्य मी माझ्या वर्गातही वापरायला लागले होते. पुढे ते माझ्या तोंडून निघेना.

नकाशावर यारमथ बंदराच्या अलीकडे, दलदलीच्या मधोमध, ते एक बारीकसं वर्तुळ काढायचे. बर्नी आर्म्स. हे त्यांचं लाडकं स्टेशन. तिथे रेल्वे जाते पण रस्ता जात नाही. गाडीनं, बोटीनं नाहीतर पायी जायचं, आणि परत यायचं तर फलाटावर उभं राहून गाडीला हात दाखवायचा. आजूबाजूला गवत, गाई आणि एक जुनी पवनचक्की. मुलांना हे खरं वाटायचं नाही.

"सर, तमे त्यां गया छो?" पार्थ नावाच्या मुलानं एकदा विचारलं.

"नाही. पण जाईन," सर म्हणाले. "एकदा तिथे उतरायचंय आणि हात दाखवून गाडी थांबवायचीय. आपली काकू म्हणते, मगरी असतील त्या पाण्यात. तिला आपल्या विश्वामित्री नदीची सवय ने. मी म्हटलं, तिकडे सील असतात, तेही दूर, ब्लेकनीला."

त्यांच्या काटेकोरपणाचा मला आधी थोडा वैताग यायचा. एकदा तिकडे पोचलेल्या एका मुलीनं कळवलं की कॉलेजच्या बसचा स्टेशनाजवळचा थांबा चारपाच महिन्यांपूर्वीच पलीकडच्या कोपऱ्यावर हलवलाय. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी भाविनभाईंकडून गेल्या सहा महिन्यांतल्या सगळ्या मुलांचे नंबर घेतले आणि एकेकाला फोन करून "मी तुला चूक शिकवलं, माफ कर" असं सांगत बसले. पार्थ म्हणाला, "अरे सर, हुं तो पास थई गयो. विसा पण आवी गयो." त्यावर सर म्हणाले, "पास झालास म्हणून ते बरोबर होत नाही. थांबा हललाय. नवा लिहून घे." भाविनभाईंनी कपाळाला हात लावला. मीही हसले होते. या माणसाला आपल्या घरातलं काही हललेलं किती लागेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

महिन्यातून एकदोन रविवारी मी तरसालीला त्यांच्या घरी जायची. इंटरव्ह्यूचे सरावाचे प्रश्न आम्ही दोघं मिळून काढायचो, आणि काकूंच्या हातचं खायला मिळायचं हेही खरंच. कारखान्यात असताना घेतलेलं छोटं रो-हाऊस, पुढे हात-दोन हात अंगण, फाटकाला हिरवा रंग. रविवारी संध्याकाळी निनादचा व्हिडिओ कॉल यायचा. काकू साडीला सेफ्टी पिन लावून, केस नीट करून, फोन तांब्याला टेकवून बसायच्या. निनाद वडिलांसारखाच सडपातळ, बोलताना डोळे किंचित खाली. शिक्षण संपून त्याला तिथेच नोकरी लागली होती, नॉरिचलाच एका ऑफिसात. निदान आम्हाला तसं माहीत होतं.

गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी काकूंनी नेहमीसारखं विचारलं, "सुट्टीत कुठे गेलेलास की नाही? का घरातच लोळलास?"

"गेलेलो ना. वेल्सला गेलो मित्रांबरोबर. समुद्रावर. मस्त आहे आई, रंगीत रंगीत लाकडी खोल्या आहेत वाळूवर." हे वेल्स म्हणजे तो वेल्स देश नव्हे, सरांच्या नकाशावरचं नॉरफोकच्याच किनाऱ्याचं एक गाव.

"कसा गेलास?" सरांनी विचारलं. त्यांचा हा प्रश्न ठरलेलाच. ते माझ्या शेजारी कागदावर प्रश्न लिहीत होते, वर बघितलंही नव्हतं.

"ट्रेननं. नॉरिचहून डायरेक्ट."

सरांचं पेन थांबलं.  काकू हसऱ्या चेहऱ्यानं फोनकडे बघत होत्या. मग सर उठून काकूंच्या मागे जाऊन उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, "म्हणजे शेरिंगहॅमपर्यंत ट्रेन, ने? पुढे किनाऱ्याकिनाऱ्यानं बस. तू बसमध्ये झोपला असशील."

पडद्यावर निनादनं वडिलांकडे बघितलं. "हो बाबा," तो म्हणाला. "बसच. मी झोपलेलो."

"आणि भरती होती का ओहोटी?"

"ओहोटी."

"मग पाणी लांब गेलं असेल. एक दीड किलोमीटर तरी चालावं लागलं असेल तुला."

"हो. खूप चाललो."

काकू कौतुकानं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ स्मिता, हा तिथे राहून झोपा काढतो आणि यांना इथे बसून भरती-ओहोटी माहीत." मीही हसले. मला वाटलं, सरांना आपलं ज्ञान दाखवायची हौस आली. त्या दिवशी ते मला रिक्षापर्यंत सोडायला आले तेव्हा एक शब्द बोलले नाहीत, आणि एरवी वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यावर त्यांचं काहीतरी म्हणणं असायचं.

त्यानंतरच्या रविवारपासून त्यांचं बोलणं बदललं. निनादनं काही सांगायच्या आतच सर त्याला सांगून टाकायचे. "या आठवड्यात बाजारात गेला असशील, मासळीवाल्याच्या शेजारच्या टपरीवर." "कॅथीड्रलवरची ससाण्याची पिल्लं उडाली असतील ने आता?" आणि निनाद हो म्हणायचा. मला ते जरा आगाऊपणाचं वाटलं. पोराला बोलू तरी द्या, असं मी एकदा म्हटलंसुद्धा. सर म्हणाले, "त्याला आठवत नाही नीट. दमतो."

सप्टेंबरमध्ये आमची हेतवी नॉरिचला गेली. काकूंनी तिच्याबरोबर निनादसाठी लीलो चेवडो आणि भाखरवडी दिली. पिशवीवर सरांनी स्वच्छ अक्षरात पत्ता घातला आणि स्टेशनापासून त्या लाल दारापर्यंतचा नकाशाही काढून दिला. दहाएक दिवसांनी हेतवीचा मला फोन आला. ती रडवेली झाली होती.

"मॅडम, निनादभाई अहियां नथी. त्या घरात आता दुसरे लोक राहतात. त्यांनी सांगितलं, तो मागच्या वर्षीच गेला. मी त्याला मेसेज केला तर म्हणतो, चेवडो तू खाऊन टाक, पण पप्पाला सांगू नको."

हेतवीनं शोध घेतला होता, पोरगी हुशार. नॉरिचमध्ये निनादला नोकरी लागलीच नव्हती. वर्षभर अर्ज करून करून तो थकला आणि उत्तरेकडच्या एका गावात मोठ्या गोदामात पार्सलं बांधायच्या कामाला गेला. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. एका खोलीत चौघं राहत होते. शिक्षणानंतर थांबायची जी परवानगी मिळते ती त्याची जानेवारीअखेर संपणार होती. त्याच्याबरोबरची काही मुलं परवानगीची तारीख उलटूनही तिथेच राहिली होती, लपूनछपून, मिळेल ते काम करत. निनादही तसंच करणार, असं त्याचा जुना खोलीवाला म्हणाला होता. तसं केलं की मग ना तिथे उजळ माथ्यानं राहता येत, ना घरी यायचं धाडस होत. अशी वर्षंच्या वर्षं तिकडेच अडकून राहिलेली माणसं आमच्या क्लासला माहीत होती. भाविनभाई त्यांची नावं काढत नसत.

मी दोन दिवस जेवले नाही धड. कुणी सांगायचं हे? आणि कसं? शेवटी तिसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मागच्या खोलीत गेले. सर ओल्या फडक्यानं नॉरफोक पुसत होते. रोज स्वतःच पुसायचे, शिपायाला हात लावू द्यायचे नाहीत.

"सर, हेतवीचा फोन होता," मी म्हटलं.

"नाही भेटला ने तो?" ते म्हणाले. फडकं चालूच होतं.

मी मानेनंच नाही म्हटलं.

"वेल्सला रेल्वे जात नाही, बाई. एके काळी जायची. लाईन बंद होऊन साठ वर्षं झाली. तिथे इतकी वर्षं राहिलेल्या माणसाला हे माहीत असतं. तो रोज नॉरिचच्या स्टेशनात जात असता तर त्याला बोर्डावर दिसलं असतं. मी त्या दिवशीच समजलो, हा तिथे नाही. कुठलं तरी चित्र बघून सांगतोय."

"मग तुम्ही त्याला विचारलं का नाही? उलट तुम्हीच त्याला शिकवून दिलंत. बस काय, ओहोटी काय."

ते बसल्या बसल्या मागे भिंतीला टेकले. गुडघ्यांवर खडूची पांढरी भुकटी होती. "ती समोर बसलेली होती हो. केस बिस नीट करून. तिच्यासमोर तो खोटा पडला असता. मला नाही बघवलं. तेवढ्यापुरतं म्हणून बोललो. मग दर रविवारीच तेवढ्यापुरतं झालं."

मला राग आला, अजूनही येतो. मी म्हटलं, "सर, तुमच्या मदतीनं तो तिथे अडकून पडलाय. तुम्ही जितकं पक्कं खोटं त्याला देता तितकं त्याला परत यायला अवघड. पोरांना काय शिकवता तुम्ही? रस्ता माहीत असला की खोटं बोलावं लागत नाही."

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "हेतवीनं त्या गावाचं नाव सांगितलं का?" मी सांगितलं, आणि जानेवारीचंही सांगितलं. त्यांनी खिशातल्या डायरीत नाव लिहून घेतलं.  

दुसऱ्या दिवशी ते मला जिन्यात भेटले. "बघितलं ते गाव," म्हणाले. "गोदाम गावाबाहेर आहे, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. बाजूनं फुटपाथ दिसत नाही. चालत जात असेल तर गवतातून जात असेल." एवढं बोलून ते वर्गात गेले आणि मुलांना क्रोमर, शेरिंगहॅम करून उभं केलं.

दिवाळीत मी तरसालीला गेले तर काकू फुरंगटून बसलेल्या. त्यांनी नवा पासपोर्ट काढला होता, एक जाड स्वेटर विणून ठेवला होता. उन्हाळ्यात निनादकडे जायचं दोघांचं ठरलेलं होतं. त्या कॅथीड्रलपेक्षा काकूंना ते लाल दार बघायचं होतं. आणि सरांनी अचानक नाही म्हणून सांगितलं होतं.

"यांनीच मला वेड लावलं," काकू म्हणाल्या. "तीन वर्षं झाली, जेवताना नॉरिच, झोपताना नॉरिच. ते बिनरस्त्याचं स्टेशन मला पाठ झालं. आणि आता म्हणतात, काय बघायचंय तिथे, मी सगळं बघितलंय. असं असतं का गं? मला पोराला बघायचंय, देवळं नाही."

सर अंगणात होते. लाल दाराचं खूळ निघालं म्हणून की काय कोण जाणे, स्वतःच्या फाटकाला रंग देत होते. हिरवा खरवडून निळा. मी त्यांच्यापाशी जाऊन हळूच म्हटलं, "काकूंना सांगा आता."

"सांगायचं तर त्यानं सांगायचं," ते ब्रश न थांबवता म्हणाले. "मी सांगितलं तर तो कायमचा पकडला गेलेला राहील. त्यानं सांगितलं तर परत आलेला होईल. मी दर रविवारी वाट बघतो. तो ससाण्यांचं सांगतो."

बर्नी आर्म्सला उतरायचं त्यांचं स्वप्न त्यांनी त्या पासपोर्टाबरोबर कपाटात ठेवून दिलं होतं.  त्यानंतर वर्गातल्या नकाशावर ते बारीक वर्तुळ मला दिसलं नाही. मुलांनी विचारलं नाही, मीही नाही.

जानेवारी उजाडला. उत्तरायण झालं. क्लासच्या गच्चीवर पोरांनी पतंग उडवले, घसे बसवून घेतले. सर त्या आठवड्यात क्लासला आलेच नाहीत, फोनही उचलेनात. भाविनभाई म्हणाले, "स्मिताबेन, जरा जोई आवो ने." मलाही चैन पडत नव्हतं. महिनाअखेरीला दहा दिवस राहिले होते. रविवारी संध्याकाळी रिक्षा करून तरसालीला गेले. तारांवर तुटक्या पतंगांच्या शेपट्या लोंबत होत्या. निळं फाटक नुसतं लोटलेलं होतं आणि घराचं दार उघडं. काकू रविवारी भजनाहून परत आल्यावरच निनादचा कॉल यायचा, आणि त्या अजून यायच्या होत्या.

पुढच्या खोलीतली सतरंजी गुंडाळून भिंतीशी ठेवली होती आणि सगळ्या फरशीवर नकाशा होता. सवयीनं मी उंबऱ्यातच चपला काढल्या आणि समुद्र कुठे आहे ते बघायला लागले. समुद्र कुठेच नव्हता. एक नदी होती, वाकडीतिकडी. रेल्वेचे दोन रूळ होते. मग कोपऱ्यात काढलेला स्टेशनाजवळच्या काळ्या घोड्याचा पुतळा बघितला आणि कळलं, हे बडोदं आहे. इतक्या दिवसांत सरांनी बडोद्याचा नकाशा काढलेला मी पाहिला नव्हता.

सर पायांवर शाल घेऊन जमिनीवरच बसले होते. समोर तांब्याला टेकवलेला फोन, फोनात निनाद. दाढी वाढलेली, मागे एका खोलीची उघडी भिंत. एरवी तो मागे पडदा लावून बसायचा, आज तो नव्हता. सरांनी मला हातानंच बसायची खूण केली आणि वर्गात विचारायचे तशा आवाजात, इंग्रजीत विचारलं, "आफ्टर युवर कोर्स, व्हॉट इज युवर प्लॅन?"

हा इंटरव्ह्यूतला शेवटचा प्रश्न. आमचं प्रत्येक पोर याचं उत्तर झोपेतसुद्धा देईल: आय विल रिटर्न टू माय होम इन वडोदरा.  

"बाबा, तुम्हाला सगळं माहीत आहे ना?" निनाद म्हणाला.

"वेल्सपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"ते माझं चुकलं. माफ कर. मी तुला चूक शिकवलं." अगदी बसच्या थांब्याच्या वेळी म्हणाले होते तसंच. "आता प्रश्नाचं उत्तर दे."

निनादनं डोळे पुसले असावेत, कारण फोन हलला. "कुठल्या तोंडानं येऊ बाबा?"

"तोंडाचं नंतर बघू," सर म्हणाले. "तू स्टेशनापासून सांग. गाडीतून उतरलास. कुठल्या बाजूनं बाहेर पडशील?"

"बाबा..."

"कुठल्या बाजूनं?"

"सयाजीगंजच्या," निनाद म्हणाला.  "मग काळा घोडा."

"घोडा कुठल्या हाताला?"

तो सांगायला लागला. थांबत, आठवत. काळ्या घोड्यावरून कीर्तिस्तंभ, राजमहाल रोडची भिंत, लालबागचा पूल. सर खडूचं टोक त्या त्या जागेवर ठेवत होते आणि चुकलं की "परत" म्हणत होते. मांजलपूर, मग मकरपुरा रोड, मग सुसेन सर्कल. मी भिंतीला चिकटून बसले होते. इतक्यात दारात सावली पडली म्हणून बघितलं, तर काकू. भजन लवकर संपलं होतं की त्या मुद्दामच लवकर आल्या होत्या, मला माहीत नाही. हातात टाळांची पिशवी तशीच. किती ऐकलं होतं तेही माहीत नाही. चेहऱ्यावरून वाटलं, सगळं. सरांनी त्यांना बघितलं आणि या वेळी ते उठले नाहीत, मधे पडले नाहीत, काही सावरून घेतलं नाही.

"सर्कलवरून डावीकडे," निनाद सांगत होता. त्याला काकू दिसत नव्हत्या. "तरसाली. पाण्याच्या टाकीपाशी आत. तिसरी लाईन. शेवटून दुसरं घर, हिरवं फाटक."

"चुकलं," सर म्हणाले.

"नाही बाबा. हिरवंच. शेवटून दुसरं."

"निळं आहे रे आता," काकू दारातून म्हणाल्या. "दिवाळीला रंगवलं यांनी."

 काकूंनी पिशवी उंबऱ्यावर ठेवली, चपला काढल्या. क्लासमधली पोरं नकाशावर कशी उभी राहतात हे सरांनी त्यांना शंभर वेळा सांगितलेलं असणार. त्या नदीच्या कडेकडेनं, रूळ न पुसता, सावकाश चालत गेल्या आणि खाली टोकाला सरांनी घराचा जो चौकोन काढला होता त्याच्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"हलू नकोस," सर त्यांना म्हणाले. मग फोनकडे वळून म्हणाले, "परत सांग. स्टेशनापासून."